बिशपांना बोईसरचं कोण सांगणार?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर निवांत वाचा, पण वाचा. विषय आपल्या घरचा आहे. जे मित्र ख्रिस्ती नाहीत त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण "वर बसलेल्या माणसाला खालचं कोण सांगणार" हा प्रश्न ग्रामपंचायतीपासून हाउसिंग सोसायटीपर्यंत सगळीकडे सारखाच आहे.

आमच्या खात्यात एक कंत्राटी मुलगा होता. झारखंडचा, सिमडेगा जिल्ह्यातला. गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस. एकदा सेकंड शिफ्ट सुटल्यावर गेटवर चहा पिताना त्याने हळूच विचारलं, "भैया, इधर अपना चर्च है क्या?" मी म्हटलं, आहे ना. तू बोईसरला येऊन किती दिवस झाले? म्हणाला, "दो साल."

दोन वर्षं. त्याच्या चाळीपासून चर्च चालत वीस मिनिटांवर.

आता चूक कोणाची? त्या पोराची नाही. बारा तास ड्युटी, उरलेला वेळ झोप आणि गावी फोन. फादरांचीही म्हणता येत नाही. एमआयडीसीच्या मागच्या चाळींत कोण कधी आलं आणि कधी गेलं हे त्यांना कोण सांगणार? माझी चूक मात्र नक्की आहे. मी रोज त्याच्या शेजारी उभा राहत होतो, क्रूस दिसत होता, आणि मी कधी विचारलं नाही.

त्या रात्री घरी आलो आणि झोप लागेना. असे अजून किती असतील? आणि ही गोष्ट वसईत बिशपांच्या कानावर जाणार कुठल्या वाटेने? तिथून हा सगळा विषय डोक्यात घुसला. थोडं वाचलं, दोन-तीन फादरांशी बोललो, आणि आज लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, सगळ्यांसाठी.

आपला वसई धर्मप्रांत फार जुना नाही. २२ मे १९९८ ला मुंबई महाधर्मप्रांतातून तो वेगळा झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे, ते २००९ मध्ये पुण्याला गेले. मग आर्चबिशप फेलिक्स मच्याडो. २०२४ पासून बिशप थॉमस डिसोजा. कॅथेड्रल पापडीला. धर्मप्रांताचा जीव वसईच्या जुन्या गावांत आहे, हे खरंच आहे. तिथे चारशे-साडेचारशे वर्षांचा वारसा आहे, कुपारी, वाडवळ, कोळी असे पक्के समाज आहेत, पिढ्यान्‌पिढ्या एकाच धर्मग्रामात नावं नोंदलेली आहेत. पणजोबांचा बाप्तिस्मा आणि नातवाचा बाप्तिस्मा एकाच चर्चमध्ये.

आता विरारहून डहाणू लोकल पकडा. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. विरारपासून सुमारे चौसष्ट किलोमीटर. धर्मप्रांत तोच, पण माणसं वेगळी. किनाऱ्याला मच्छीमार. तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात वारली आणि इतर आदिवासी कुटुंबं, जिथे येशूसंघीय धर्मगुरूंनी शाळा-वसतिगृहांतून काम उभं केलं. पालघर २०१४ ला जिल्ह्याचं ठिकाण झालं, तेव्हापासून तिथे सरकारी नोकरदार आणि नवीन इमारतींत राहायला आलेले. आणि बोईसर-तारापूर म्हणजे तर अख्खा भारत. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ ला सुरू झालं, मागोमाग एमआयडीसी वाढली. मंगळूरचे, गोव्याचे, तमिळ, मल्याळी, झारखंड-ओडिशाचे आदिवासी, वसईहून नोकरीसाठी आलेले आपले लोक. मल्याळी लोकांमधली सिरो-मलबार कुटुंबं तर कल्याणच्या त्यांच्या स्वतंत्र महाधर्मप्रांतात मोडतात. म्हणजे एका बिल्डिंगमध्ये राहणारे दोन कॅथलिक शेजारी दोन वेगळ्या बिशपांच्या हाताखाली!

वसईत चर्च गावाच्या मधोमध आहे. बोईसरला चर्च शोधावं लागतं. हा फरक ज्याला कळला त्याला पुढचं सगळं कळेल.

आता मुद्द्यावर येतो. बिशपांना सल्ला देणारी माणसं कोण असतात?

कॅथलिक चर्चचा एक कायदा आहे, कॅनन लॉ. सध्याचा १९८३ चा. त्यात बिशपांभोवती वेगवेगळी मंडळं सांगितली आहेत. एक, धर्मगुरूंचं मंडळ, त्याला बिशपांचं सिनेट समजा. हे असलंच पाहिजे. नवीन बिशप आले की एका वर्षाच्या आत ते नव्याने स्थापन करावं लागतं. दोन, सल्लागार धर्मगुरूंचा एक छोटा गट, सहा ते बारा जणांचा. तोही असलाच पाहिजे. तीन, अर्थ समिती. पैसा आणि कायदा यातले जाणकार आणि स्वच्छ माणसं, किमान तीन, पाच वर्षांसाठी. तीही सक्तीची.

आणि चौथी, पाळकीय परिषद. हिच्यात धर्मगुरू, सिस्टर, ब्रदर आणि मुख्यतः आपण प्रापंचिक, म्हणजे संसारी माणसं. धर्मप्रांतात लोकांचं आध्यात्मिक आणि रोजचं जगणं कसं चाललंय ते बघायचं, विचार करायचा आणि बिशपांना ठोस सूचना द्यायच्या, हे तिचं काम. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बिशपांच्या कार्यावरच्या दस्तऐवजात तिची शिफारस केली. कायद्यात ती आली, पण कशी? "पाळकीय परिस्थितीनुसार योग्य वाटल्यास." वाटल्यास! वर्षातून किमान एकदा बैठक. मत फक्त सल्ल्यापुरतं. आणि बिशपांची जागा रिकामी झाली की परिषद आपोआप बरखास्त.

धर्मग्रामाच्या पातळीवरही हेच. पॅरिशची अर्थ समिती सक्तीची. पॅरिशची पाळकीय परिषद मात्र बिशपांनी धर्मगुरू मंडळाचं ऐकून योग्य वाटलं तर.

हे वाचलं तेव्हा मी थबकलो. म्हणजे पैशाच्या बाबतीत सल्ला घेणं सक्तीचं, आणि माणसांच्या बाबतीत ऐच्छिक? चर्चची मोठी मालमत्ता विकायची असेल तर बिशपांना ठराविक मंडळांची संमती घ्यावीच लागते, एकट्याच्या सहीवर होत नाही. चांगलंच आहे ते. पण सिमडेग्याच्या त्या मुलाला हिंदी मिस्सा मिळावी का, नाईट शिफ्टवाल्याचा रविवार कुठल्या वारी यावा, हे कोणाला विचारायचं यासाठी तशी सक्तीची खुर्ची नाही. जमिनीच्या तुकड्याला जेवढं संरक्षण आहे तेवढं माणसाच्या प्रश्नाला नको का?

काही जण म्हणतील, "अरे, चर्च म्हणजे लोकशाही नाही. बिशप हे मेंढपाळ, कळपाने मेंढपाळाला शिकवायचं का?"

मलाही चर्चमध्ये निवडणुका नको आहेत. निवडणुकीने आपल्या गावागावात काय केलंय ते आपण बघतोच. सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. ते चर्चमध्ये आणायचं नाही. पण सल्ला घेणं ही काही आजची फॅशन नाही. ती आपल्या घरातली सगळ्यात जुनी रीत आहे.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. यरुशलेमची पहिली मंडळी. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय अशी तक्रार आली. लक्षात घ्या, भाषेचा प्रश्न! बाहेरून आलेल्यांचा प्रश्न! चर्चच्या इतिहासातली पहिली "पाळकीय समस्या" ही बोईसरची समस्या आहे. मग बारा प्रेषितांनी काय केलं? "आमच्या लक्षात आहे, बघू" असं म्हणून विषय मिटवला नाही. सगळ्यांना बोलावलं. तुमच्यातूनच सात चांगली माणसं निवडा म्हणाले. लोकांनी निवडली, प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले. आणि त्या सात जणांची नावं वाचा, सगळी ग्रीक वळणाची. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसं कामाला लावली. मेंढपाळ मेंढपाळच राहिले. अधिकार कमी झाला नाही. उलट काम नीट झालं.

तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन आपल्या धर्मगुरूंना लिहितात की, तुमच्या सल्ल्याशिवाय आणि लोकांच्या संमतीशिवाय स्वतःच्याच मताने काही करायचं नाही असं मी सुरुवातीपासून ठरवलंय. संत बेनेडिक्टने आपल्या मठाच्या नियमांत लिहून ठेवलंय की महत्त्वाचा विषय असला तर मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण अनेकदा देव लहान भावाला चांगलं सुचवतो. शेवटचा निर्णय मठाधिपतीचाच. पण आधी ऐकायचं. सगळ्यांचं.

आणि अगदी ताजं सांगायचं तर पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेली सिनड. ऑक्टोबर २०२१ मध्ये जगभरच्या धर्मप्रांतांत ती सुरू झाली. २०२३ च्या अधिवेशनात पहिल्यांदाच स्त्रियांनी आणि प्रापंचिकांनी मतदान केलं. २६ ऑक्टोबर २०२४ ला अंतिम दस्तऐवज आला आणि पोप फ्रान्सिस यांनी तो तसाच मान्य केला. त्यात स्पष्ट मागणी आहे की या सहभागाच्या परिषदा सक्तीच्या कराव्यात. "फक्त सल्ल्यापुरतं" हा जो शब्दप्रयोग कायद्यात आहे, त्याचाही पुन्हा विचार व्हावा असं म्हटलंय. पोप फ्रान्सिस एप्रिल २०२५ मध्ये गेले, पोप लिओ आले, आणि अंमलबजावणीचा टप्पा आता चालू आहे, २०२८ पर्यंत. म्हणजे मी काही बंडखोरी करत नाहीये. रोममध्ये जे ठरलं ते बोईसर स्टेशनवर कधी उतरणार, एवढंच विचारतोय.

आता एक गोष्ट जी ऐकून काही मित्रांना आश्चर्य वाटेल. परिषदेचं मत "सल्ल्यापुरतं" आहे याचं मला तितकंसं दुःख नाही.

का? हिशेब करा. उद्या सगळं मतदानाने ठरायला लागलं तर बहुमत कोणाचं? वसईच्या जुन्या, मोठ्या धर्मग्रामांचं. त्यात त्यांचा दोष नाही, संख्या तशी आहे. मग तलासरीच्या वारली बाईचा, बोईसरच्या कंत्राटी कामगाराचा विषय दरवेळी मतांत पडणार. मोजणीत लहान माणूस कायम हरतो. सल्ल्यात मात्र एकच माणूस उठून खरं बोलला तर बिशप ते धरू शकतात, बाकी पन्नास जण गप्प असले तरी. कायदाही हेच सांगतो: परिषदेची माणसं अशी निवडा की धर्मप्रांताचे वेगवेगळे भाग, सामाजिक परिस्थिती, व्यवसाय हे सगळं त्यात दिसलं पाहिजे. म्हणजे डोकी मोजू नका, चित्र पूर्ण करा. हे लहानांच्या फायद्याचं आहे.

पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. तो लहान माणूस त्या खोलीत असला पाहिजे. आणि त्याच्या बोलण्याला उत्तर मिळालं पाहिजे, हो किंवा नाही, कारणासकट.

सल्ला मानलाच पाहिजे असं नाही. पण सल्ल्याचं काय झालं हे कळलंच पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला हे शिकवायची गरज नाही. वाढवण बंदराचं बघा. जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली. मच्छीमार बोलले, बाया बोलल्या, विरोध नोंदवला. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, ऑगस्टमध्ये पायाभरणी. बंदर हवं की नको यावर आज भांडायचं नाही, ती वेगळी पोस्ट आहे. पण "तुमचं ऐकलं" आणि "तुमच्या ऐकलेल्याचं हे असं केलं" यातला फरक आपल्या किनाऱ्याने पोटात घेतलाय. अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांना विचारा, ज्यांची गावं अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी हलवली. सरकारकडून जो अनुभव आला तो देवाच्या घरात तरी येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

आता आरसा आपल्याकडे फिरवतो. राग येऊ देऊ नका.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका पॅरिश कौन्सिलवर होतो. कुठल्या ते महत्त्वाचं नाही, कारण हे सगळीकडे घडतं. तीन वर्षांत आम्ही ज्या विषयावर सर्वांत जास्त वेळ बोललो तो म्हणजे सणाचा मांडव. मांडववाला कोण, खुर्च्या किती, लायटिंग कुठपर्यंत, व्यासपीठावर कोण बसणार. दुसरा नंबर सहलीचा. फादर जे मांडतील त्याला "हो फादर". बाहेर पार्किंगमध्ये आलं की मग खरी मीटिंग सुरू. "फादर ऐकतच नाहीत हो." अरे, पण तू बोललास कुठे? नंदीबैलासारखी मान हलवून घरी आलास. मीही हलवली. तीन वर्षांत एकदाही मी म्हटलं नाही की भाड्याच्या खोल्यांत राहणारे आपले किती लोक आहेत याची यादी करूया. सुचलंच नाही.

आणि हेच आपण लोक बँकेच्या वार्षिक सभेत कसे असतो? बॅसीन कॅथॉलिक बँक १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी सुरू केली. शंभर वर्षांहून जास्त झाली. एका धर्मगुरूने सुरू केली आणि प्रापंचिकांनी वाढवली. अशा संस्थेच्या सभेत आपला माणूस अहवालाचं पान नंबर सांगून प्रश्न विचारतो. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा म्हणतो. लाभांश अर्धा टक्का कमी झाला तर माइक सोडत नाही. म्हणजे आपल्याला येतं! सभा कशी चालवायची, इतिवृत्त कसं लिहायचं, उत्तर कसं मागायचं, सगळं येतं. फक्त चर्चच्या हॉलमध्ये शिरलो की विसरतो.

तसंच हरित वसईचं. ऐंशी-नव्वदच्या दशकात बिल्डर लॉबीच्या विरोधात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसोबत वसईचे सर्वधर्मीय सामान्य लोक रस्त्यावर उतरले. धर्मगुरू आणि प्रापंचिक खांद्याला खांदा लावून सरकारशी बोलू शकतात हे या मातीने दाखवलंय. दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये गेले. पण सरकारशी बोलायला जेवढं धैर्य लागतं त्यापेक्षा घरात एकमेकांशी खरं बोलायला जास्त लागतं, असं मला आता वाटायला लागलंय.

फादरांची बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. एका फादरांनी मला सरळ सांगितलं, "तुम्ही लोक सल्ला देता आणि घरी जाता. करायला मीच उरतो. हिंदी मिस्सा सुरू करा म्हणता, पण गायनवृंद कोण उभा करणार? चाळींत कोण फिरणार? आणि मी पाच-सहा वर्षांनी बदलीवर जाणार, तेव्हा तुम्ही नवीन फादरांना सांगणार की जुन्या फादरांनी काही केलंच नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं आहे. बदली होते ती फादरांची. जागेवर राहतो आपण. मग त्या जागेची आठवण ठेवायची जबाबदारी कोणाची?

म्हणून नुसती तक्रार नाही. सूचना लिहितोय. बिशपांपर्यंत आणि आपल्या फादरांपर्यंत पोहोचाव्यात या नम्र इच्छेने.

१. धर्मप्रांताच्या परिषदेत वैतरणेच्या उत्तरेला ठराविक जागा असाव्यात. आणि त्या जागांवर फक्त निवृत्त, गाडीवाले, मराठी-इंग्रजी छान बोलणारे (म्हणजे माझ्यासारखे) नकोत. एक आदिवासी स्त्री, एक कोळी, एक परप्रांतीय कामगार, एक पंचवीस वर्षांच्या आतला. नाव सुचवायला बिशपांनी स्थानिक फादर आणि सिस्टरना विचारावं.

२. वर्षातली एक तरी बैठक बोईसर, डहाणू किंवा तलासरीला व्हावी. आम्ही वसईला येतोच. विरारला गाडी बदलतो, डहाणू लोकल चुकली की तासभर बाकावर बसतो. एकदा सगळ्यांनी उलट्या दिशेला प्रवास करून बघावा. अर्धा अजेंडा त्या डब्यातच समजेल.

३. विषय खालून यावेत. बैठकीच्या महिनाभर आधी प्रत्येक धर्मग्रामातून तीन प्रश्न लेखी मागवावेत. लघु ख्रिस्ती समूह आहेतच आपल्याकडे, तिथे अर्धा तास बसून ठरवता येतं.

४. बैठक झाली की एका पानाचं इतिवृत्त, साध्या मराठीत. आमच्याकडे हिंदीतही. मिस्सा झाल्यावर वाचावं, नोटीस बोर्डावर लावावं. कोणाची खाजगी गोष्ट असेल ती वगळून.

५. प्रत्येक सूचनेला तीन महिन्यांत उत्तर. "केलं", "करतोय", किंवा "करत नाही, कारण असं". "नाही" ऐकायला आम्ही तयार आहोत. शांतता ऐकायला नाही.

६. जो सूचना देईल त्याने त्यातलं एक काम स्वतःच्या अंगावर घ्यावं. हे त्या फादरांसाठी.

आणि बोईसरहून पहिल्या बैठकीला काय न्यावं? माझ्या मते हे:

रविवारची सुट्टी सगळ्यांना नसते. शिफ्टवाल्यांसाठी आठवड्यात एक संध्याकाळची मिस्सा त्यांच्या वेळेला लागते. लहान मुलांच्या धर्मशिक्षणाचंही तेच, आई-बाप दोघं कामाला असतील तर मुलाला कोण सोडणार? दुसरं, ज्यांच्या घरी पॅरिशचं फॅमिली कार्ड नाही अशांची नोंद कशी ठेवायची? गावचं प्रमाणपत्र आणायला झारखंडला जायला सांगू नका, तिथल्या फादरांना फोन करता येतो. तिसरं, परगावचा माणूस इथे वारला तर पहिला फोन कोणाला, दफन कुठे, शव गावी न्यायचं तर मदत कोणाची, हे आधी ठरलेलं असावं. त्या वेळेला शोधाशोध करणं फार वाईट असतं. चौथं, हवा आणि पाणी. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात सगळ्यात वर होतं. कारखान्यांत स्फोट होतात, माणसं जातात. जाणाऱ्यांत बहुतेक कंत्राटी. हा विषय "पाळकीय" नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा रात्रपाळी करावी.

यातलं काही धर्मप्रांतात आधीच चालू असेल तर आनंदच आहे. तेही इतिवृत्तात लिहा, म्हणजे आमच्यापर्यंत येईल.

शेवटी आपल्या लोकांना एक विनंती. परिषदेवर नाव आलं तर तो मान समजू नका, ड्युटी समजा. फोटोसाठी जाऊ नका. बैठकीत बोलायचं ते बैठकीत बोला, पार्किंगमध्ये नको. स्वतःच्या घरचं भांडण बिशपांपुढे नेऊ नका, जो तिथे येऊ शकत नाही त्याचं म्हणणं न्या. आणि दोन टर्म झाल्या की उठा, दुसऱ्याला बसू द्या. खुर्ची फेविकॉलची नाही.

कॅनन लॉमध्येच अजून एक कलम आहे, जे आपल्याला कोणी फारसं सांगत नाही. आपल्या ज्ञानाप्रमाणे आणि कुवतीप्रमाणे, चर्चच्या भल्यासाठी आपलं मत धर्मगुरूंना सांगणं हा आपला हक्क आहे, कधीकधी तर कर्तव्य आहे. आदर ठेवून, पण सांगायचं. तेव्हा "आपलं काय चालतंय तिथे" हे वाक्य आजपासून बंद.

तो सिमडेग्याचा मुलगा? त्या रविवारी त्याला घेऊन गेलो. मिस्सा मराठीत होती, त्याला अर्धी कळली. बाहेर आल्यावर म्हणाला, "भैया, गाना समझ में नहीं आया, पर धुन वही है." चार महिने येत होता. मग कंत्राट संपलं, तो वापीला गेला. नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. पुढचा जो कोणी येईल त्याला दोन वर्षं लागू नयेत.

बोईसर, पालघर, सफाळे, डहाणू, तलासरीच्या मित्रांनो, तुमच्याकडचा एक प्रश्न कमेंटमध्ये लिहा. एकच. दोन ओळीत. नावं घेऊन कोणावर चिखलफेक नको, तशी कमेंट मी काढून टाकेन. पुढच्या महिन्यात सगळे प्रश्न एका कागदावर नीट लिहून मी आमच्या फादरांच्या हातात देणार आहे, आणि एक प्रत बिशपांच्या पत्त्यावर पोस्टाने.

उत्तर आलं की इथेच टाकतो. नाही आलं तर तेही लिहीन, आणि कागद पुन्हा पाठवीन.